उलट्या गाडग्याचं दही

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती आणि राजाचीही आपल्या राज्यातली सगळी गावं पाहून झाली नव्हती. लहानांनी पुढं बसून ऐकावी, मोठ्यांनी मागं बसून ऐकावी. फक्त मध्येच उठू नका, कारण या गोष्टीत एक मेंढी बोलते आणि ती एकदाच बोलते.

एका उंच माळावर धनगरांची वस्ती होती. माळ मोठा, वारा मोठा, माणसांची मनंही मोठी. लहान होती ती फक्त दुधाची वाटी. मेंढी म्हणजे काही म्हैस नव्हे. म्हशीखाली कळशी घेऊन बसावं आणि मेंढीखाली वाटी, आणि तीही भरेलच असं नाही. पण ते दूध असं दाट, की वाटी धुवायला दोनदा पाणी घ्यावं लागे.

त्या माळावर दूध काढायची एक रीत होती. आधी कोकराला सोडायचं. ते धावत आईखाली शिरायचं, कासेला ढुशा द्यायचं, शेपूट हलवत पोटभर प्यायचं. मग शेजारी बसलेल्या माणसाच्या धोतराला तोंड पुसायचं आणि उड्या मारत निघून जायचं. कोकरानं तोंड पुसलं की माणसानं वाटी लावायची, त्याआधी नाही. ही रीत कुणी पाडली आणि का पाडली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्यामुळं माळावरच्या प्रत्येकाच्या धोतरावर आणि प्रत्येकीच्या लुगड्यावर गुडघ्यापाशी दुधाचा एक डाग असायचा. खाली राजाच्या नगरात माळावरची माणसं त्या डागावरून लांबून ओळखू यायची. नगरातले लोक एकमेकांना कोपरानं ढोसून हसायचे.

वाटीभर दूध विकायचं कसं? ज्याची त्याची वाटी घेऊन जो तो घाट उतरायचा. नगरात पोचेपर्यंत ऊन चढायचं आणि दूध आंबायचं. नगरातला मोठा मिठाईवाला वाटीत डोकावून नाक मुरडायचा. “मेंढीचं होय? ठेव तिकडं, मांजर पिईल,” म्हणायचा आणि गुळाचा एक खडा हातावर टेकवायचा. तेवढ्या गुळासाठी माणसाचा अख्खा दिवस जायचा, आणि तोवर मागं मेंढ्यांना राखायला कुणी नसायचं.

हळूहळू माणसं कंटाळली. आज एक घर मेंढ्या विकून नगरात हमाली करायला गेलं, उद्या दुसरं गेलं.

त्या वस्तीत ठकूआई नावाची एक म्हातारी होती. घरात ती एकटी आणि दारात तिची एकच मेंढी. मेंढीचं अंग पांढरं, तोंड तेवढं काळं, म्हणून तिचं नाव काळतोंडी. ठकूआई तिला दिवसभर शिव्या द्यायची आणि संध्याकाळी स्वतःच्या भाकरीतला अर्धा घास भरवायची. एखादं घर माळ सोडून निघालं, की ठकूआई घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. माणसं दिसेनाशी झाली की परत यायची आणि काळतोंडीच्या गळ्यात हात टाकून म्हणायची, “आता आपण किती उरलो गं?” हा माळ ओस पडू नये, एवढं एकच तिला देवाकडं मागायचं होतं.

एक दिवस धुळाही निघाला. धुळा म्हणजे तिच्या शेजारचा तरणा गडी. बोलायला फटकळ, पण मनानं लोण्यासारखा. त्यानं गाठोडं बांधलं आणि ठकूआईच्या पाया पडायला आला.

“जायचं तर जा बाबा,” ठकूआई म्हणाली. “पर जाता जाता माझं एक काम कर. हा माझा हंडा घे. घरोघर जा आन् समद्यांच्या वाट्या ह्यात वतून आण.”

“कशापायी?”

“म्हातारीला खूळ लागलंय म्हन आन् आण.”

धुळा कुरकुरत गेला. परत आला तेव्हा हंडा त्याला एकट्याला उतरवेना. आत पाहिलं तर गळ्यापर्यंत दूध! एकेका वाटीत असताना जे मांजरापुढं जायचं, तेच दूध हंड्यात असं थाटात बसलं होतं की पाहत राहावं. धुळा गाठोड्यावर बसला आणि त्या दिवशी काही घाट उतरला नाही.

ठकूआईनं त्या दुधाला विरजण लावलं आणि ते गाडग्यांत ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक गाडगं डोक्यावर घेऊन ती धुळाबरोबर नगरात गेली ती थेट मिठाईवाल्याच्या दुकानापुढं.

“शेटजी, दही घ्या.”

“मेंढीचं का?” शेटजींचं नाक मुरडायला लागलं.

ठकूआईनं गाडगं उचललं आणि शेटजींच्या नव्याकोऱ्या पगडीवर उलटं धरलं. “मेलो!” म्हणून शेटजींनी डोळे मिटले. बाजार थांबला. लोक मान वर करून पाहत राहिले. गाडगं उलटं आणि दही जिथल्या तिथं, एक थेंब खाली पडायचं नाव नाही. शेटजींनी भीत भीत एक डोळा उघडला, मग दुसरा. मग खालूनच गाडग्यात बोट घालून चाटलं, आणि चाटतच राहिले.

त्या दिवसापासून उलट्या गाडग्याचं दही नगरात प्रसिद्ध झालं. कुणी जाहिरात केली नाही की दवंडी पिटली नाही. गिऱ्हाईक आलं की गाडगं उलटं करायचं, एवढंच.

माळावर आता सगळ्यांचा मिळून एक हंडा झाला. लोक त्याला ‘सगळ्यांचा हंडा’च म्हणत. कळप मोठा असो की दारात एकच मेंढी असो, हंड्याभोवती बसलं की प्रत्येकाच्या बोलण्याला सारखीच किंमत. घाट उतरायची पाळी एकाची, बाकीच्यांनी मेंढ्या राखायच्या. बाजारातून येणारी ज्वारी, मीठ आणि कापड ज्याच्या त्याच्या वाटीप्रमाणं वाटून घ्यायचं. गेलेली घरं एकेक करून परत येऊ लागली. ठकूआई आताही घाटाच्या तोंडाशी उभी राहायची, पण येणाऱ्यांना पाहायला.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण दही राजवाड्यात पोचलं.

राजाला दही आवडलं, आणि त्याहून जास्त ती गंमत आवडली. रोज सकाळी भरल्या सभेत एक गाडगं राजाच्या मुकुटावर उलटं धरलं जाई. सगळी सभा श्वास रोखून बसे. दही पडत नसे. सभा टाळ्या वाजवी आणि मग राजा ते दही खाई. राजे लोकांना करमणूक कमी असते, त्यांना असल्या गोष्टी लागतात.

पुढं राजकन्येचं लग्न ठरलं. महिनाभर पंगती उठायच्या होत्या. राजाच्या मनात आलं, की पंगतीतल्या प्रत्येक पानापाशी उलट्या गाडग्याचं दही हवं. त्या दिवशी नगरात यायची पाळी धुळाची होती. कारभाऱ्यांनी त्याला वाड्यात बोलावलं आणि विचारलं, “जमेल का रे तुम्हाला?”

धुळानं वर पाहिलं. झुंबरं, फुलांच्या माळा, उंची कपड्यांतली माणसं. याच माणसांनी काल-परवापर्यंत त्याच्या धोतराच्या डागाला हसून घेतलं होतं. आता सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत होते. धुळाची छाती फुगली. त्यानं खांद्यावरच्या घोंगड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “दिला शबुद.”

आता हे समजून घ्या. धनगरानं लोकरीवर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे शब्द. तो मागं घेत नाहीत. माळावर तसं कधी कुणी केलं नव्हतं.

धुळानं घरी येऊन सांगितलं तेव्हा वस्तीत आनंदीआनंद झाला. फक्त ठकूआईनं विचारलं, “लेका, शबुद देन्याआधी मेंढ्यांना इचारलंस का?”

सगळे हसले. धुळाही हसला, पण रात्रीच्या जेवणात त्याचं लक्ष लागलं नाही. कारण हंडा होता तेवढाच होता आणि गाडगी हवी होती कितीतरी.

दुधात पाणी घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ती माणसं साधी होती म्हणून तर आलं नाहीच, पण आणखी एक कारण होतं. पाणी घातलं तर उलटं धरल्यावर दही पडणार, आणि तेही राजाच्या मुकुटावर. एवढं धाडस कोण करणार?

मग धुळानंच तोड काढली. मेंढ्या कोंडायची जाळी असते, तिला वाघूर म्हणतात. तो म्हणाला, “दूध काढताना कोकरं वाघुरीत घालू. आधी हंडा भरू, मागनं कोकरं सोडू. पेनार तर त्येच हायेत. जरा मागंपुढं झालं तर काय बिघडलं?”

बोलणं सगळ्यांना पटलं.

“तशी रीत न्हाई रं,” ठकूआई म्हणाली.

“का न्हाई? कारण सांग.”

ठकूआईनं मान हलवली. “कारण मला ठाव न्हाई. माझ्या आईनं मला असंच शिकवलं.”

तेवढ्यानं कुणाचं समाधान होणार? दुसऱ्या दिवसापासून वाघूर लागली. कोकरं जाळीला नाकं लावून ओरडत राहिली आणि माणसं घाईघाईनं वाट्या भरत राहिली. हंडा पहिल्यांदाच काठोकाठ भरला. शिवाय सगळ्यांची धोतरं आणि लुगडी स्वच्छ राहू लागली, गुडघ्यावर डागाचं नाव नाही. नगरात आता कुणी हसायचं नाही, याचंही लोकांना बरं वाटलं.

ठकूआईनंही एक संध्याकाळ करून पाहिलं. तिनं काळतोंडीचं कोकरू जाळीत घातलं आणि वाटी घेऊन बसली. कोकरू आतून ओरडलं. काळतोंडीनं मान वळवून ठकूआईकडं पाहिलं. ठकूआईनं वाटी खाली ठेवली. “जा बाई, तुझंच खरं,” म्हणाली आणि जाळी उचलली. त्यामुळं तिची वाटी पहिल्यासारखीच अर्धी राहिली, आणि तिच्या लुगड्यावरचा डागही तसाच राहिला.

लोक कुजबुजू लागले. हंडा म्हातारीनं काढला आणि वाटी तिचीच अर्धी! लग्नाच्या पंगती सुरू झाल्या, गाडगी पुरेनात, तशी कुजबुज वाढली. एक दिवस सगळ्यांसमोर धुळा तिच्यावर डाफरला, “ठकूआई, पुरी वाटी आणायची नसंल तर हंड्यापाशी बसू नगंस.”

ठकूआईनं वाटीतलं दूध हंड्यात ओतलं, वाटी पदरानं पुसली आणि उठून आपल्या दारात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती हंड्यापाशी आली नाही. तिनं दूध कुणाच्या तरी हाती पाठवून दिलं. तिच्या बसायच्या जागेवर कुणी बसलं नाही, आणि तिला बोलवायलाही कुणी गेलं नाही.

दिवस गेले तशा वाट्या पुन्हा ओसरू लागल्या. माणसं जोर लावून पिळू लागली. कोकरांची पोटं खपाटीला गेली. धुळाचं सगळ्यात धाकटं कोकरू तर जाळीपाशी बसायचं ते उठायचंच नाही. धुळा सकाळी त्याला घोंगड्यात गुंडाळून ठेवायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, “एवढं लगीन होऊ दे, सोन्या.” पण कोकराला राजकन्येच्या लग्नाचं काय कळणार? त्याला भूक तेवढी कळत होती.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. सभा भरली होती, पाहुणे जमले होते. कारभाऱ्यांनी रुबाबात गाडगं राजाच्या मुकुटावर उलटं केलं, आणि दही आलं की खाली! दही कसलं, ताकच ते. मुकुटावरून कपाळावर, कपाळावरून मिशीवर, मिशीवरून जरीच्या अंगरख्यावर. राजा कदाचित रागावलाही नसता, पण पाहुण्यांतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

“पाणी!” राजा कडाडला. “माझ्या दह्यात पाणी! ज्यानं पाणी घातलं त्याला येत्या बाजाराच्या दिवशी माझ्यापुढं उभा करा. नाही केलात तर माझ्या राज्यात तुमची एक मेंढी चरणार नाही.”

निरोप माळावर पोचला. चराई गेली म्हणजे मेंढ्या गेल्या, आणि मेंढ्या गेल्या म्हणजे माळ ओस. सगळे हंड्याभोवती जमले आणि कधी नव्हे ते एकमेकांकडं संशयानं पाहू लागले.

“मोठा कळप त्याचं मोठं पाप,” एक म्हणाला.

“आन् ज्येच्या दारात विहीर, त्येचं काय?” दुसरा म्हणाला.

आवाज चढले. कुणी कुणाच्या आईचा उद्धार केला, तर कुणी हंडाच फोडायला दगड उचलला. धुळानं तो हात धरला. “थांबा. आज समद्यांनी आपापलं दूध येगळं इरजा. सकाळी गाडगी उलटी करू. ज्येचं पडंल त्यो चोर.”

सकाळी वस्ती गोळा झाली. पहिल्यानं छाती पुढं काढून गाडगं उलटं केलं. सळकन दही खाली. “चोर!” सगळे ओरडले. दुसऱ्यानं केलं, त्याचंही पडलं. तिसऱ्याचं पडलं. ज्यानं दगड उचलला होता त्याचं तर गाडगं वळवताच पडलं. धुळानं आपलं गाडगं पालथं केलं, आणि त्याचंही दही त्याच्याच पायांवर पडलं. वस्तीतला एकूण एक माणूस चोर ठरला होता, आणि पाणी तर कुणीच घातलं नव्हतं!

“ठकूआईचं राहिलं,” कुणीतरी म्हणालं.

सगळे तिच्या दारात गेले. कोनाड्यात एक लहानसं बोळकं होतं, त्यात तिचं अर्ध्या वाटीचं दही. धुळानं ते उलटं धरलं. दही पडलं नाही. त्यानं हलवलं, तरी पडलं नाही.

“काय घालतीस गं ह्यात?” एकानं विचारलं.

“काय घालू बाबांनो?” ठकूआई म्हणाली. “माझ्या दारात घालाया हाय काय?”

तेव्हा काळतोंडी बोलली.

मेंढी कशी बोलते, असं विचारू नका. ज्यांच्या दारात मेंढ्या आहेत ते असलं काही विचारत नाहीत.

“पाणी कुणीच घातलं न्हाई,” काळतोंडी रवंथ थांबवून म्हणाली. “आम्हीच साय मागं ठेवली.”

“कुणासाठी?” धुळानं विचारलं.

“ज्येच्यासाठी व्हती त्येच्यासाठी. लेकरासाठी. कासंतलं वरचं दूध पातळ असतंय रं. दाट दूध मागनं उतरतं. लेकरानं ढुशा दिल्या, शेपूट हलवली, की आमचा जीव भरून येतो आन् तळातली साय सुटती. लेकरू जाळीत ओरडत असलं तर ती कशी सुटंल? चार दिस सवयीनं सुटली, मग सुटंना. तुमच्या हातांचा राग न्हाई आम्हाला. पर हातांनी पान्हा फुटत न्हाई.”

एवढं बोलून तिनं पुन्हा रवंथ सुरू केलं. नंतर ती जन्मात कधी बोलली नाही.

रीत का होती ते आता कळलं होतं. कोकरू आधी पोट भरून घ्यायचं, आणि त्याच्यामागून माणसाच्या वाटीत जे उतरायचं ते सगळ्यात दाट असायचं. ज्याला इतकी वर्षं उरलंसुरलं समजत आलो, तीच साय होती.

धुळा धावत गेला आणि त्यानं वाघुरीच्या मेखा उपटून टाकल्या. कोकरं सुटली. माळभर असा कल्लोळ झाला की आई कुठली आणि लेकरू कुठलं, कळेना. धुळाच्या कोकराला मात्र उठवत नव्हतं. त्यानं त्याला उचलून आईपाशी नेलं, मांडीवर धरलं आणि त्याच्या तोंडात सड दिला. कोकरू आधी नुसतंच धरून राहिलं. मग हळूच ओढू लागलं. मग शेपटीचं टोक हललं. पिऊन झाल्यावर त्यानं मान वळवली आणि धुळाच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला तोंड पुसलं. धुळा त्या डागाकडं पाहत राहिला आणि लहान पोरासारखा रडला.

मग तो ठकूआईच्या दारात गेला. “आई, चल,” एवढंच त्याला बोलता आलं. तिचा हात धरून त्यानं तिला हंड्यापाशी तिच्या जागेवर आणून बसवलं. ठकूआईनं त्याच्या गालावर एक टिचकी मारली आणि पदरानं त्याचे डोळे पुसले.

बाजाराचा दिवस उजाडला. धुळा राजवाड्यात गेला. घोंगड्यात ते कोकरू, दोरीला त्याची आई आणि बरोबर दह्याचं एक गाडगं घेतलेली ठकूआई.

“आणलास चोर?” राजानं विचारलं.

“आणला, महाराज. म्याच त्यो,” धुळा म्हणाला. “पाणी कुणी घातलं न्हाई. म्या मेंढ्यांना न इचारता शबुद दिला आन् लेकरांच्या तोंडचं काढून तुमच्या पंगतीला वाढलं. आमच्यात लोकरीवर दिलेला शबुद कुणी मागं घेत न्हाई. म्या घेतो. माझ्या मागनं लोक मला नावं ठेवू देत. पर हे कोकरू जगू दे.”

त्यानं घडलेलं सगळं सांगितलं. मेंढी बोलली तेवढं सांगितलं नाही, कारण राजाच्या दारात मेंढ्या नव्हत्या. ठकूआईनं गाडगं पुढं केलं. “हे काल कोकरं पिऊन उरलेल्या दुधाचं. बघा करून उलटं.”

कारभाऱ्यांनी गाडगं घेतलं. राजा हळूच मागं सरकला. मुकुट नुकताच घासून आणला होता.

तेव्हा सिंहासनाशेजारी बसलेल्या राजाच्या म्हाताऱ्या आईसाहेब उठल्या. “माझ्या डोक्यावर धरा,” म्हणाल्या आणि पांढऱ्या केसांवरचा पदर मागं सारून पाटावर बसल्या. गाडगं उलटं झालं. सभेत कुणी पापणी हलवली नाही. ठकूआईनं डोळे मिटले.

दही पडलं नाही.

“म्हणजे,” राजा म्हणाला, “राजाच्या पानात कोकरांचं उरलेलं वाढायचं?”

सभा गार झाली. धुळानं घोंगड्यातलं कोकरू खाली त्याच्या आईपाशी ठेवलं.

आईसाहेब पाटावरून उठल्या आणि राजाजवळ गेल्या. “बाळ, तू लहान होतास तेव्हा तुला भरवल्याशिवाय मी घास घेत नसे. तू खाऊन उरायचं तेच माझं जेवण. या वाड्यात पक्वान्नं खूप झाली, पण तसं जेवण मला पुन्हा मिळालं नाही.”

राजानं मुकुट काढून बाजूला ठेवला आणि सिंहासनावरून उतरून कोकराजवळ खाली बसला. कोकरू तेवढ्यात आईखाली शिरलं होतं. ते पोटभर प्यालं, वळलं, आणि समोर जे कापड दिसलं त्याला त्यानं तोंड पुसलं. ते राजाचं रेशमी धोतर होतं. कारभारी धावले, पण राजानं हात वर केला. “राहू दे. डाग राहू दे,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून राजवाड्यात दही मोजून मागवणं बंद झालं. माळावरून जेवढं येई तेवढंच पंगतीत वाढायचं. आलं नाही तर आज कोकरांना जास्त भूक लागली असं समजायचं. नगरातली माणसंही वाट पाहायला शिकली. मिठाईवाले शेटजी तर गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत, “आज दही नाही. माळावर कोकरं जन्मलीत.”

पुढच्या वर्षी तीच कोकरं मेंढ्या होऊन दुधाला आली, आणि सगळ्यांचा हंडा काठोकाठ भरू लागला. एकाचे दोन हंडे झाले. आता हंड्याभोवती बैठक बसली की पहिल्या जागेवर एक कोकरू बसवतात आणि मग बोलायला सुरुवात करतात. ते बहुतेक वेळा झोपून जातं. ठकूआईच्या शेजारची ती जागा असते आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर असतं.

आणि नगरात कुणाच्या गुडघ्यावर दुधाचा डाग दिसला, तर आता लोक हसत नाहीत, बाजूला सरून वाट देतात.

म्हणून लक्षात ठेवा: जिथून आपल्याला मिळतं तिथल्या लेकराचं पोट आधी भरू द्यावं, म्हणजे आपल्या वाटीत जे उरतं तेच सगळ्यात दाट असतं.